जुन्या पिकअपची अलाइनमेंट: टो शेवटी, आधी बाकीचं

पुढचे टायर नवे टाकून वर्ष होत नाही तोच आतली कड गुळगुळीत झालेली दिसते. बाहेरच्या बाजूची नक्षी मात्र अजून शाबूत. मालक गाडी घेऊन अलाइनमेंटच्या दुकानात जातो. चाकांना पाट्या लागतात, पडद्यावर लाल-हिरवे चौकोन उमटतात आणि पंधरा-वीस मिनिटांत हातात छापील कागद येतो. टोचे आकडे हिरवे, बाकीचे दोन-तीन लाल. (टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे चाकांचे तीन कोन, ते पुढे येतातच.) 'हे लाल का?' असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: 'या गाडीला कॅम्बर-कॅस्टर होत नाही, टो केलाय.' महिन्या-दोन महिन्यांत गाडी पुन्हा त्याच कडेने टायर खायला लागते.

नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जाणारी पंधरा-वीस वर्षं जुनी पिकअप असली की हे असंच चालायचं, असं धरून पुष्कळ जण टायर उलटे फिरवून लावतात आणि गप्प बसतात. पण 'होत नाही' हे उत्तर निम्मंच खरं आहे. काही गाड्यांना खरोखर होत नाही. काहींना होतं, पण त्यात दोन तास जातात आणि त्या पैशात दुकानदाराला ते परवडत नाही. आणि बऱ्याचशा गाड्या मुळात मोजण्याच्या अवस्थेतच नसतात.

## तीन कोन, तीन वेगळी कामं

अलाइनमेंट म्हणजे पुढची चाकं कोणत्या दिशेला आणि किती कललेली असावीत ते ठरवणं. कोन तीन आहेत आणि प्रत्येकाचं काम निराळं.

पहिला टो. गाडी वरून बघतोय असं समजा. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा जवळ असतील तर टो-इन, लांब असतील तर टो-आउट. चवडे आत वळवून चालणाऱ्याची चप्पल एकाच कडेने झिजते, तसंच इथे होतं: टो-इन जास्त असेल तर टायरची बाहेरची कड जाते, टो-आउट असेल तर आतली.

हा कोन किती महागात पडतो ते आकड्यांत बघू. टायरचा व्यास ७०० मिमी धरा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ६ मिमीने कमी असेल तर प्रत्येक चाक सरळ रेषेपासून जेमतेम पाव अंश वळलेलं असतं. डोळ्यांना ते दिसत नाही. पण पाव अंश तिरकं चाक सरळ रस्त्यावर ओढलं की दर किलोमीटरला ते सुमारे ४.३ मीटर आडवं घासतं. १०,००० किमी चालवल्यावर हा हिशेब ४३ किमीवर जातो. तेवढं अंतर तुमचा टायर आडवा फरफटत गेलेला असतो. टायर खाण्यात टोचा हात कोणी धरू शकत नाही तो यामुळे.

मग टो शून्यच का ठेवत नाहीत? इंजिनचा जोर मागच्या चाकांना जातो अशा गाडीत रस्ता पुढच्या चाकांना सतत मागे रेटत असतो. सांध्यांमधला बारीक खेळ त्यामुळे एका दिशेला जातो आणि चाकं पुढून किंचित फाकतात. उभ्या गाडीत साधारण १ ते ३ मिमी टो-इन ठेवला की चालत्या गाडीत चाकं सरळ येतात.

दुसरा कॅम्बर. हा समोरून बघायचा. चाकाची वरची कड बाहेर झुकली तर धन कॅम्बर, आत झुकली तर ऋण. ७०० मिमीच्या चाकात एक अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत साधारण १२ मिमीचा फरक. ऋण कॅम्बर जास्त झाला की आतली कड झिजते. पण कॅम्बर टोपेक्षा बराच सावकाश खातो. एकाच टायरची आतली कड नीट उतरती होत गेली असेल तर कॅम्बरवर संशय घ्यावा. नक्षीच्या कडांवरून हात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर तो टो.

तिसरा कॅस्टर, बाजूने दिसणारा. सायकलचा पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो, म्हणून तर हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. गाडीचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्षही असाच मागे कललेला असतो. कॅस्टर टायर सहसा खात नाही. तो कमी पडला तर गाडी हायवेवर भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. जास्त झाला तर स्टिअरिंग जड होतं.

विलिसच्या जुन्या सिव्हिलियन जीपला कॅस्टर ३ अंश, कॅम्बर धन दीड अंश आणि टो-इन जेमतेम १.२ ते २.४ मिमी असे आकडे दिलेले होते. महिंद्राने आपल्याकडे जीप बनवली ती याच विलिसच्या परवान्यावर. आजच्या मोटारींना बहुधा शून्याच्या आसपास किंवा थोडा ऋण कॅम्बर असतो. त्यामुळे जुन्या जातीच्या गाडीची चाकं वरून किंचित फाकलेली दिसली तर लगेच बिघाड समजू नका. ती तशीच असायची.

## आधी गाडीखाली वाकून बघा

काय होतं आणि काय होत नाही, ते गाडीचं नाव सांगत नाही. एकाच नावाच्या पिकअपमध्ये सालाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे पुढची बांधणी बदललेली असते. म्हणून खाली बघायचं.

एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग लोखंडी तुळई आणि तिच्या दोन टोकांना कमानपाटे दिसले तर ती बीम ॲक्सलची गाडी. जुन्या जीपच्या वंशातल्या पिकअप अशाच. इथे कॅम्बर बीमच्या घडणीतच असतो, फिरवायला नट-बोल्ट नाही. कॅस्टर मात्र बदलता येतो.

दोन्ही चाकं स्वतंत्र वरखाली होत असतील, प्रत्येकाला वर एक आणि खाली एक असे त्रिकोणी हात असतील, तर ती विशबोनची गाडी. तिला स्प्रिंग म्हणून कॉइल असेल, नाहीतर चासीला समांतर मागे गेलेली जाड पोलादी सळई असेल. तिला टॉर्शन बार म्हणतात. ती पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करते. टाटामोबाइल आणि सुमो या कुळातली बांधणी अशी. यांना बहुतेक वेळा तिन्ही कोन बदलता येतात. 'होत नाही' हे उत्तर अशा गाडीच्या मालकाला मिळालं तर त्याने दुसरं दुकान बघावं.

## ढिल्या गाडीला कोन नसतोच

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे आणि आपण ते पहिलं करायला जातो.

बॉल जॉइंट म्हणजे चाकाला वर-खाली आणि वळायला मोकळीक देणारा गोळा-वाटीचा सांधा. बीमच्या गाडीत त्याच्या जागी किंगपिन नावाचा जाड खिळा आणि त्याचे बुश, म्हणजे खिळ्याभोवतीच्या नळ्या, असतात. तो सांधा २ मिमी ढिला असेल तर यंत्रावर उभ्या गाडीचा कॅम्बर एक असतो, ब्रेक दाबल्यावर दुसरा आणि खड्ड्यात तिसरा. यंत्राने दाखवलेला आकडा खोटा नसतो. तो फक्त त्या क्षणापुरता खरा असतो.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना उटी, पुढचं चाक जॅकने उचललेलं आणि चासीखाली भक्कम घोडी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, ही सूचना सगळे वाचतात आणि पुष्कळ जण मोडतात. विशबोनच्या गाडीत स्प्रिंगचा भार बहुधा खालच्या हातावर असतो. तिथे जॅक त्या हाताखालीच लावा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने सांधा ताठ राहतो आणि खेळ लपतो.

आता चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर व्हील बेअरिंग तरी ढिलं आहे, नाहीतर बॉल जॉइंट किंवा किंगपिन गेलंय. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिला तर सांध्याचा. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथला खेळ बहुतेकदा टाय रॉड एंडचा. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा आणि एंड म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा. शेवटी गाडी जमिनीवर उतरवून कोणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि स्वतः खाली बघत राहा. कोणता सांधा हलतो आणि कोणता नुसताच कचकचतो ते लगेच कळतं. स्टिअरिंग बॉक्स चासीवर ढिला बसलेला असतो हेही पुष्कळदा तेव्हाच लक्षात येतं.

विशबोनचे रबरी बुश बदलताना एक चूक सर्रास होते. चाक हवेत लटकत असतानाच त्यांचे बोल्ट शेवटपर्यंत आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हलके लावायचे आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर पक्के करायचे.

## मग उंची

सांधे घट्ट झाले तरी यंत्रावर जायची घाई नको. दोन्ही पुढच्या चाकांत हवा बरोबर भरा आणि सपाट जागेवर जमिनीपासून चासीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा.

विशबोनच्या गाडीत वरचा हात आखूड आणि खालचा लांब असतो. स्प्रिंग बसकी झाली, चासी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत ओढला जातो, म्हणजे कॅम्बर ऋण होतो. जुनी पिकअप आतल्या कडेने टायर खाते त्याचं हे अगदी नेहमीचं कारण. टाय रॉड आणि विशबोन वेगवेगळ्या कमानीत फिरत असल्याने उंचीबरोबर टोही हलतो. म्हणजे बसक्या गाडीचा टो सेट करून घेतला आणि पुढच्या महिन्यात स्प्रिंग बदलली, तर पहिले पैसे पाण्यात.

टॉर्शन बारच्या मागच्या टोकाला उंची कमी-जास्त करायचा बोल्ट असतो. पुस्तकातल्या उंचीपर्यंत तो आवळणं रास्त आहे. गाडी उंच दिसावी म्हणून आवळत जाणं रास्त नाही: सळईची ताकद त्याने वाढत नाही, फक्त चाक खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी दणके देते.

कमानपाट्यांच्या गाडीत सेंटर बोल्ट बघा. पाट्यांना एकत्र धरणारा आणि ॲक्सलला जागेवर ठेवणारा हा छोटा बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो. ॲक्सल पाट्याला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले पडले तरी तेच. हे मागच्या ॲक्सललाही लागू आहे. मागचा ॲक्सल तिरका असेल तर गाडी सरळ रस्त्यावरही किंचित आडवी चालते आणि स्टिअरिंग सरळ राहावं म्हणून पुढच्या चाकांशी कितीही झटापट केली तरी उपयोग होत नाही. डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या मागच्याच्या मध्यापर्यंत टेप लावा, मग उजवीकडे. फरक काही मिमींचा असेल तर चालेल. बोटभर असेल तर पाटे उघडावे लागतील.

## पत्र्या, पाचर आणि बीम वाकवणं

विशबोनच्या जुन्या गाड्यांत कॅम्बर-कॅस्टर बदलायच्या दोन पद्धती आहेत. एकीत वरच्या हाताचा शाफ्ट, म्हणजे हात ज्यावर वरखाली होतो तो दांडा, आणि चासी यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्या असतात. अमेरिकेत १९६३ ते १९८७ च्या शेव्हर्ले सी-१० पिकअपमध्ये हीच सोय होती. दोन्ही बोल्टांखाली सारख्याच पत्र्या घातल्या किंवा काढल्या की कॅम्बर बदलतो. एका बोल्टाखालची काढून दुसऱ्याखाली घातली की वरचा सांधा पुढे-मागे सरकतो आणि कॅस्टर बदलतो. दुसऱ्या पद्धतीत बोल्टाला मध्य सोडून बसवलेली चकती असते; बोल्ट फिरवला की हाताची जागा सरकते. ही चकती वर्षानुवर्षं चिखल-पाण्यात गंजून अडकलेली असते. 'होत नाही' या उत्तरामागे पुष्कळदा हा गंज असतो.

पत्री वाढवली की कॅम्बर वाढेल की कमी होईल, हे शाफ्ट चासीच्या कोणत्या बाजूला बसलाय त्यावर ठरतं. एक पत्री घालून मोजा आणि मगच पुढे जा.

बीमच्या गाडीत कॅस्टरसाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये उतरती पाचर घालतात. जाड बाजू पुढे की मागे यावर कॅस्टर वाढतो किंवा घटतो. यू बोल्ट उघडावे लागत असल्याने बसवताना ते पुस्तकात दिलेल्या जोराने आवळायचे आणि थोडं चालवल्यावर पुन्हा तपासायचे.

राहिला बीमचा कॅम्बर. काही गॅरेजवाले हायड्रॉलिक दाबाने बीम थंडच वाकवून देतात. ही युक्ती नवी नाही. फोर्डने १९६५ मध्ये एफ-१०० पिकअपला दोन बीमचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं तेव्हा अमेरिकेतली दुकानंही कॅम्बरसाठी तेच करत. पण हे मोजून काम करणाऱ्या माणसाचं आणि नीट अवजारांचं काम आहे. कोणी गॅस-कटरने बीम तापवायला निघाला तर गाडी घेऊन सरळ घरी या. तापवल्याने पोलादाची ताकद जाते आणि हा भाग तुटला तर घाटात दुसरी संधी मिळत नाही. आणि मुळात बीम वाकलाच कशाने, हे कळल्याशिवाय तो सरळ करू नये. पुष्कळदा बीम सरळ असतो आणि किंगपिनचा बुश झिजलेला असतो.

## इंटरनेटवरचे आकडे आपल्याकडे उलटे पडतात

रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता बांधतात, म्हणजे पाणी वाहून जातं. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे गाडी सतत थोडी डावीकडे घसरते. हे सावरायला डाव्या-उजव्या कोनांत मुद्दाम किंचित फरक ठेवता येतो. गाडी जास्त धन कॅम्बर असलेल्या बाजूला ओढते आणि कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते. म्हणून आपल्याकडे उजव्या चाकाला पाव अंश कॅम्बर जास्त किंवा अर्धा अंश कॅस्टर कमी ठेवला तर गाडी सरळ जाते.

अमेरिकेतले लोक उजवीकडून गाडी चालवतात. तिथल्या व्हिडिओत डाव्या चाकाला दिलेला आकडा आपल्या डाव्या चाकाला लावला तर डावीकडची ओढ दुप्पट होईल. असे व्हिडिओ बघून स्वतः हात घालणाऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचायचं.

## आता टो

बाकी सगळं जागेवर आल्यावर हे काम सोपं आहे, दोरी आणि टेपनेही होतं. चाक उचलून फिरवा आणि नक्षीच्या मध्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढून घ्या. दोन्ही चाकांना अशी रेघ झाली की गाडी खाली उतरवा आणि हाताने काही फूट पुढे ढकला, म्हणजे सांधे आपापल्या जागी बसतील. ॲक्सलच्या उंचीवर पुढच्या बाजूला खूण करा आणि दोन रेघांमधलं अंतर मोजा. मग गाडी पुढेच ढकला आणि खुणा अर्ध्या फेरीने मागे आल्या की पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे टो. गाडी मागे ढकलून मोजलं तर सांध्यांतला खेळ उलट्या बाजूला जातो आणि माप फसवतं.

टाय रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर तो लांब केल्यावर टो-इन वाढतो. पुढे असेल तर कमी होतो. विशबोनच्या गाडीत डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन असतात, दोन्ही सारखेच फिरवायचे. स्टिअरिंग वाकडं राहिलं तर स्टिअरिंग व्हीलचा नट काढून ते सरळ बसवून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. स्टिअरिंग बॉक्समध्ये सर्वांत कमी खेळ अगदी मध्यावर असतो आणि चाकं सरळ असताना बॉक्सही मध्यावरच असायला हवा. दुरुस्ती टाय रॉडमध्ये किंवा बीमच्या गाडीत ड्रॅग लिंकमध्ये, म्हणजे बॉक्स आणि चाक जोडणाऱ्या दांड्यात करायची.

## 'थ्रीडी मशीन आहे, मग चूक कशी होईल?'

यंत्र कोन मोजतं, खेळ मोजत नाही. शिवाय त्याच्या यादीतून तुमच्याच गाडीचं मॉडेल निवडलं होतं का, हे कागदाच्या वरच्या ओळीत बघा. दुसऱ्याच गाडीची मर्यादा लावली तर हिरवा आणि लाल या रंगांना काही अर्थ उरत नाही.

## 'बॅलन्सिंग केलंय की'

ते वेगळं काम. बॅलन्सिंगमध्ये चाकाच्या वजनातली असमानता शिशाच्या तुकड्यांनी भरून काढतात. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं तेव्हा ते लागतं. एकाच कडेने झिजणाऱ्या टायरवर त्याचा इलाज नाही.

## 'गाडी भरलेली चालते, मग मोकळी का मोजतात?'

हा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटतो. पुस्तकातले आकडे एका ठरावीक अवस्थेसाठी असतात आणि ती सहसा मोकळी गाडी असते. हौदा भरला की मागचा भाग दबतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आणि मागे ५० मिमी दाब धरला तर अख्खी गाडी जवळपास एक अंश मागे कलते. म्हणजे कॅस्टर तेवढाच वाढतो. भरल्या गाडीचं स्टिअरिंग जड लागतं त्याला पुढच्या चाकांवरचं वजन हे एकच कारण नसतं.

रोज जवळपास सारखाच माल वाहणारी गाडी असेल तर टो एकदा मोकळ्या आणि एकदा भरल्या गाडीचा मोजून बघा. फरक मिमीभर असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर भरल्या अवस्थेत थोडा टो-इन उरेल असा सेट करून घ्या, कारण झीज बहुतेक त्याच किलोमीटरमध्ये होते. दुकानात हे सांगितलं तर कपाळावर आठ्या पडतील. तरी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या आणि त्यावर गाडी भरलेली होती की मोकळी, ते पेनाने लिहून ठेवा.